बदाम सात आणि मामांचा नियम

ती. रू. मामांच्या चरणी भाचीचा नमस्कार. (चरणी असं लिहिलं असलं तरी उजवा गुडघा कसा आहे हे कळेपर्यंत तो पाय पुढे करायची घाई करू नका.) कंबरेचा पट्टा लावता ना? मामींनी मागे सांगितलं होतं, की तो पट्टा तुम्ही खुर्चीच्या पाठीला बांधून ठेवता आणि डॉक्टरांना मात्र रोज लावतो म्हणून सांगता. मामींची साखर खाली आली का, तेही कळवा. इकडे सगळं ठीक आहे. तुमचे जावई ठीक आहेत, मुलं परीक्षा नसल्यामुळे फारच ठीक आहेत. फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर विषय तुमच्यावर आला की तुम्हाला नेमकं तेव्हाच ऐकू येईनासं होतं, आणि हा सगळा विषयच तुमच्यावर येणारा आहे. पत्राला ऐकू न येण्याची सोय नसते.

तर झालं असं. यंदा आमच्या शाळेनं नववीच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं ठरवलं. कोणी शिकवायचं हे ज्या बैठकीत ठरलं त्या बैठकीला मी नव्हते, कारण त्या वेळी मी दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून पडले होते. आमच्या शिक्षकखोलीत कामं वाटायची पद्धत फार जुनी आणि सोपी आहे, जो हजर नाही तो करेल. दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल घेऊन मी शाळेत गेले तर सगळे माझं अभिनंदन करत होते, आणि गाल सुजल्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही. (ज्या माणसाला धड बोलता येत नाही त्याची संमती लोक लगेच गृहीत धरतात.) मी भूगोल शिकवते, मामा. वारे कुठून कुठे वाहतात ते मला पाठ आहे. संगणकाशी माझा संबंध निकालपत्रकं भरण्यापुरता, आणि त्यातही गेल्या वर्षी मी एका मुलाला त्याच्या जन्मसालाएवढे गुण दिले होते. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, काही हरकत नाही, तुम्ही आधी शिका आणि मग शिकवा, मधे शनिवार-रविवार आहे.

आता संगणक कक्ष आहे बरं का आमच्याकडे, नाही असं नाही. आत संगणक आहेत, त्यांच्यावर फुलाफुलांची आवरणं आहेत आणि ती आवरणं दर सुट्टीत धुवून निघतात. पण सध्या कक्षाला कुलूप आहे. किल्ली ज्यांच्याकडे असायची ते निवृत्त होऊन मुलीकडे गेले, आणि दुसरी किल्ली कक्षाच्या आतल्या कपाटात सुरक्षित आहे. कुलूप तोडायला अर्ज केला आहे. तोवर मी संगणकाशिवाय संगणक शिकवायचा होता, म्हणजे पाण्याशिवाय पोहायला शिकवण्यातला प्रकार. रविवारी दुपारी कपाट आवरताना पत्त्यांचा जोड हाती लागला आणि मला तुमची आठवण झाली. इथपर्यंत तुमचा काही दोष नाही हे मी मान्य करते.

माझ्या डोक्यात असं आलं, की संगणक म्हणजे तरी काय, सांगितलेलं तंतोतंत करणारा आणि न सांगितलेलं अजिबात न करणारा एक ठार ढ गडी. (आमच्या शिपायाच्या अगदी उलट.) मग मुलांनी पत्त्यांचा एक खेळ घ्यावा आणि तो कसा खेळायचा हे कागदावर अशा सूचनांनी लिहावं, की ज्यानं जन्मात पत्ते पाहिले नाहीत त्यालाही खेळता यावं. एकानं यंत्र व्हायचं. यंत्रानं कागदात असेल तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. या कामासाठी मी निवडलं टाचणीला. ही आमच्या दातांच्या डॉक्टरांची मुलगी, अंगानं बारीक आणि प्रत्येक गोष्टीला भोक पाडणारी, म्हणून वर्गानं हे नाव ठेवलेलं, आणि तिला ते आवडतं. पहिली सूचना मुलांनी लिहिली, ‘पत्ते वाटा.’ टाचणी उठली आणि वाटत सुटली. कोणाला ते लिहिलेलं नव्हतं. सगळ्या वर्गाला एकेक देऊन झाला तरी पत्ते उरले, तेव्हा ती व्हरांड्यात गेली आणि राउंडला निघालेल्या मुख्याध्यापिकाबाईंच्या हातात चौकटची राणी देऊन परत आली. बाईंनी तो पत्ता पर्समध्ये ठेवला. मला अजून तो परत मागायचा धीर झालेला नाही, आम्ही जोकरवर चिठ्ठी चिकटवून भागवतो.

सुरुवातीला भिकार-सावकार घेतला, कारण त्यात खेळणाऱ्याला डोकं लागत नाही, नुसता वरचा पत्ता टाकत राहायचं. मुलांनी झकास सूचना लिहिल्या आणि शेवटी लिहिलं, ‘एकाचे पत्ते संपेपर्यंत हेच करत राहा.’ दोन मुलं यंत्र होऊन बसली. तुम्हाला माहीतच आहे, या खेळात कधीकधी भिकाऱ्याचा सावकार होतो आणि सावकाराचा भिकारी, आणि पत्ते काही संपत नाहीत. घंटा झाली. इतिहासाचे सर आत आले. यंत्रं थांबेनात, कारण घंटा झाली की थांबा असं कागदात कुठेच नव्हतं. सरांनी खरं तर रागवायला हवं होतं. पण ते शेजारच्या बाकावर टेकले, मग त्यातल्या एका यंत्राची बाजू घ्यायला लागले, आणि त्या दिवशी एक अख्खी राज्यक्रांती शिकवायची राहून गेली. माझा वर्ग मात्र पुढच्या तासाला घंटेच्या आधी हजर होता. मामा, इतकी वर्षं शिकवते आहे, पण मुलं माझ्या आधी वर्गात येऊन बसलेली मी प्रथमच पाहिली. मागच्या बाकावर झोपणारी मंडळी एका शब्दावरून भांडत होती, ‘उचल’ पुरे की ‘उचलून हातात धर’ लिहायला हवं. मला फार बरं वाटलं. इतकं बरं, की पुढे काय होणार याचा मला अंदाजही आला नाही.

मग आम्ही बदाम सातला हात घातला. इथे डोकं लागतं, म्हणजे यंत्राला कागदातूनच डोकं पुरवावं लागतं. जर असं असेल तर तसं कर, अशी एकेक ओळ. मुलांनी विचारलं, बाई, जिंकायचं कसं? आता तुम्हीच सांगा, या प्रश्नावर मी कोणाचं उदाहरण देणार? आपल्या सगळ्या खानदानात बदाम सात कधीही न हरलेला माणूस एकच. मी मुलांना तुमच्याबद्दल सगळं सांगितलं. सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तुमच्याकडे जमायचो, हरेल त्यानं दुपारची भांडी घासायची असं ठरलेलं असायचं, आणि तुम्ही उभ्या जन्मात एक वाटीसुद्धा विसळली नाहीत. तुम्ही हातातले पत्ते कधी रंगवार लावत नाही, म्हणजे शेजारच्याला सुगावा लागत नाही, हे सांगितलं. आणि तुमची ती ख्यातनाम युक्ती सांगितली. हातात बसणारा पत्ता आहे, पण तो टाकला तर पुढच्याचा रस्ता मोकळा होईल, अशा वेळी तुम्ही छताकडे बघून एक बारीकसा उसासा टाकता आणि म्हणता, पास.

टाचणीनं लगेच भोक पाडलं. बाई, बसणारा पत्ता हातात असताना पास म्हणता येतं? मी म्हटलं, येतं म्हणजे काय, नियमच आहे. आमच्या घरी तसंच खेळतात. हे मी इतक्या ठामपणे सांगितलं, जितक्या ठामपणे मी पृथ्वी गोल असल्याचं सांगते, आणि त्याला कारण होतं. लहानपणी मी तुम्हाला हाच प्रश्न विचारला होता आणि तुम्ही हेच उत्तर दिलं होतं. (मी तुमचा पत्ता चुकून पाहिला होता. तुम्ही म्हणालात, बाळ, मोठ्यांच्या खेळात हा नियम असतो, पण तो लहानांनी वापरायचा नसतो. ‘लहानांनी’ म्हणजे तुमच्याखेरीज सगळ्यांनी, हे मला आत्ता कळतंय.) मुलांनी ती ओळ कागदात चढवली. उसाशासकट. कागदाचं नाव ठेवलं ‘मामा’.

‘मामा’ सुटलाच. त्यानं आधी सगळ्या वर्गाला हरवलं, मग शिक्षकखोलीला, मग इतिहासाच्या सरांना परत एकदा, कारण त्यांचा विश्वास बसेना. पण बाहेर बभ्रा व्हायला लागला होता. पत्ते म्हणजे जुगार, अशी कुजबुज पालकांत सुरू झाली, आणि पालक समितीचे अध्यक्ष कोण, तर आमचे दातांचे डॉक्टर. त्यांचं घरातही बिनसलं होतं. त्यांनी लेकीला दवाखान्यात बसवून सांगितलं होतं, की फोन वाजला की उचल. तिनं संध्याकाळभर प्रत्येक फोन उचलला आणि कानाला न लावता शांतपणे हवेत धरून ठेवला, कारण उचलून पुढे काय करायचं ते सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी शाळेला पत्र पाठवलं, की या तासात शिक्षण असेल तर ते समितीला दाखवा, नसेल तर सोमवारपासून तास बंद करून सामान्य ज्ञान घ्या. सामान्य ज्ञानाला माझा विरोध नाही. पण हा तास बंद होणार या विचारानं मला जेवण जाईना, आणि त्यात त्याच डॉक्टरांनी बसवलेली तात्पुरती कवळीही होती.

शनिवारी ग्रंथालयात टेबल मांडलं. खेळायला डॉक्टर, मुख्याध्यापिकाबाई, इतिहासाचे सर आणि ‘मामा’चा कागद घेऊन टाचणी. समितीची बाकी मंडळी भिंतीशी खुर्च्यांवर. मुख्याध्यापिकाबाईंना इस्पिक माहीत नव्हतं, त्या त्याला काळा बदाम म्हणत होत्या आणि दर वेळी पत्ता टाकताना माझ्याकडे असं बघत होत्या, की हे पाप माझ्या खात्यावर लिहावं. टाचणी मात्र शांत. कागदात बघायची, पत्ता टाकायची. मधे तीनदा तिनं छताकडे बघून उसासा टाकला आणि पास म्हटलं. मला भरून आलं हो. अगदी तुम्ही. शेवटी हातात एकच पत्ता उरला, किलवरची अठ्ठी, ती तिनं खाली ठेवली आणि जिंकली. भिंतीशी टाळ्या वाजल्या. डॉक्टर टाळ्या वाजवत नव्हते. ते हातातली किलवरची नव्वी, दश्शी आणि गुलाम बघत होते.

मग ते बोलू लागले, आणि जे बोलले ते ऐकून सगळ्यांनी माना वळवल्या. किलवरची सत्ती पडली तेव्हा ही अठ्ठी बसत होती. त्यानंतर कोणी काय टाकलं, टाचणी कुठे कुठे पास म्हणाली, हे त्यांनी पहिल्या पत्त्यापासून शेवटच्यापर्यंत धडाधड म्हणून दाखवलं. (पत्त्यांना जुगार म्हणणाऱ्या माणसाला इतकं येतं कुठून, हा प्रश्न मुख्याध्यापिकाबाईंच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसला, पण विचारणार कोण.) त्यांनी लेकीला विचारलं, हे खोटं बोलायला तुला कोणी शिकवलं? ती म्हणाली, मी नाही बोलले, कागदात आहे. कागदात कोणी लिहिलं? बाईंनी सांगितलं. आणि सगळी खोली माझ्याकडे वळली.

मी हसले, मामा. अडाण्यांकडे बघून हसावं तशी हसले. म्हटलं, अहो, नियमच आहे तो. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी इतिहासाचे सर, दुःखाची बातमी सांगावी तसे हळूच म्हणाले, की बाई, असा नियम नसतो. मी ग्रंथपालांना विचारलं. त्या म्हणाल्या, नसतो. मी समितीतल्या एकेकाला विचारलं. पाण्याचा जग घेऊन आलेल्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, आमच्यात असं कोणी केलं तर त्याला पुन्हा डावात घेत नाहीत. एवढंच काय, ज्यांना काळा बदाम आणि लाल बदाम एवढंच कळतं त्या मुख्याध्यापिकाबाईसुद्धा म्हणाल्या, हे तर मलाही माहीत होतं. मामा, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, भरल्या समितीसमोर, मला कळलं की आमचं घर सोडून साऱ्या जगात बदाम सात वेगळ्या नियमानं खेळतात. आणि त्या सगळ्या दुपारी माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. आम्ही भावंडं राख आणि चोथा घेऊन भांड्यांपुढे बसलोय, धाकटा रडतोय, आणि तुम्ही झोपाळ्यावर पडून आम्हाला सांगताय की हरण्यातून माणूस शिकतो. तुम्हाला शोभलं का हे?

तरी तास तिथेच बंद झाला असता, पण टाचणी वडिलांना म्हणाली, की यंत्र खोटं बोललं नाही, त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. सांगण्यात चूक होती, ती सापडली, आता ती काढायची असते, वर्ग नाही काढायचा. डॉक्टरांना हे मानावंच लागलं, कारण दाताच्या बाबतीत ते रोज हेच सांगतात. (माझी दाढ मात्र त्यांनी काढलीच होती.) त्यांनी आणखी एक संधी दिली. येत्या शनिवारी दुरुस्त केलेला कागद पुन्हा खेळणार, आणि कागद हरला तर तास बंद. मुलं रोज मधल्या सुट्टीत डबा खाता खाता ओळी खोडतायत आणि लिहितायत. मी त्यांच्याकडे बघते आणि मला वाटतं, की हे जाऊ नये. बाकी काही गेलं तरी चालेल, अगदी भूगोलसुद्धा.

असो. तुमचा राग आला आहे, पण तो तुमच्यावर फार दिवस टिकत नाही हा लहानपणापासूनचा अनुभव आहे. मामींना नमस्कार आणि धाकट्या वहिनीला आठवण. गुडघ्याला तेल लावत जा, आणि लावलं असं नुसतं सांगू नका.

तुमच्या नियमाची बळी,
भाची

ता. क. येत्या शनिवारी कागद कोणाशी खेळणार ते वर लिहायचं राहिलं. डॉक्टर म्हणाले, हा नियम ज्या गृहस्थांनी काढला त्यांनाच आणा, मला त्यांना बघायचं आहे. तेव्हा शुक्रवारच्या दुपारच्या गाडीनं निघा. तुमचे जावई स्टँडवर येतील. कंबरेचा पट्टा आणा, स्वतःचे पत्ते आणू नका.

आणखी ता. क. आता खरं ते लिहिते. दुरुस्त केलेला कागद फार प्रामाणिक झाला आहे आणि सगळ्यांशी हरतो. काल मुख्याध्यापिकाबाईंशी हरला. पण मुलांनी त्यात एक नवी ओळ घातली आहे. समोरचा पास म्हणाला, की त्या वेळी कोणते पत्ते बसत होते ते टिपून ठेवायचे, आणि पुढे त्यातला पत्ता त्याच्याच हातून पडला, की डाव थांबवून बोट दाखवायचं. ज्याच्याकडे बोट, तो हरला. डॉक्टरांनीही हे मान्य केलं आहे. सरळ माणसापुढे ही ओळ अगदी निरुपयोगी आहे. म्हणून हात जोडून सांगते, मामा, वर मी कितीही बोलले असले तरी तुम्ही सुधारू नका. या वयात तर मुळीच नको. या, बसा, छताकडे बघा, उसासा टाका आणि आयुष्यभर खेळलात तसेच खेळा. चारचौघांत पकडलं जायला मी तुम्हाला बोलावते आहे हे मला कळतं, आणि वाईटही वाटतं, पण असं काही तुमच्याखेरीज मी कोणाकडे मागणार? सवय सुटली तर नाही ना, म्हणून मामींना फोन करून विचारलं. त्या बराच वेळ नुसत्या हसत होत्या.

शेवटचं ता. क. एक शंका माझ्याही मनात आली होती. हे पत्र वाचून तुम्ही इरेला पेटलात आणि शनिवारी मुद्दाम सरळ खेळलात तर? तसं मी मुलांना बोलून दाखवलं. टाचणीनं कागद पुढे केला. अगदी तळाला एक ओळ आधीच लिहिलेली होती, ‘मामा शेवटपर्यंत खरं खेळले, तर पत्ते खाली ठेवा, सगळ्यांनी उभे राहा आणि टाळ्या वाजवा.’ मी म्हटलं, अगं, मग आपण हरू, तास जाईल. ती म्हणाली, बाई, ही ओळ कधी चालायची नाही. पण प्रत्येक ‘जर’ला ‘नाहीतर’ लिहावंच लागतं.